न दुखणारी जखम

मधुमेहाच्या दवाखान्यात दोन वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर येतात. पहिलं असं : "डॉक्टर, तळपायांची नुसती आग होते. रात्री पायावर चादरही सहन होत नाही." दुसरं बऱ्याचदा काही वर्षांनी येतं : "आता आग थांबलीय. बरं वाटतंय." पहिलं वाक्य ऐकून घरचे घाबरतात आणि दुसरं ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी काळजी करायची ती दुसऱ्या वाक्याची. उपचारांनी किंवा साखर ताळ्यावर आल्याने आग थांबली असेल तर उत्तमच. पण काहीही न बदलता ती आपोआप थांबली, तर आगीची खबर मेंदूपर्यंत नेणारे मज्जातंतूच निकामी झाले असण्याची दाट शक्यता असते. अशा पायाला खिळा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळली तरी माणूस त्याच पायावर दिवसभर चालत राहतो.

मधुमेहात डोळे आणि मूत्रपिंडं जपायला हवीत, हे आता बहुतेकांना ठाऊक झालं आहे. मज्जातंतूंच्या वाट्याला मात्र ही जागरूकता आलेली नाही. या प्रकरणात मज्जातंतू का बिघडतात आणि ते वाचवण्यासाठी काय करता येतं, ते पाहू.

दुखणं किती जणांचं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं : प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे दर चौघांमागे एक.

यांतल्या किती जणांचे मज्जातंतू बिघडतात? बेल्जियममधले डॉक्टर झां पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात ४,४०० मधुमेही रुग्णांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. मधुमेहाचं निदान झालं त्या वेळीच ७.५ टक्के रुग्णांमध्ये मज्जातंतूंचा बिघाड होता. पंचवीस वर्षांनंतर हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. त्यातही मोठी अडचण अशी की, बिघाड झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना काहीच त्रास जाणवत नाही. तक्रार नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून निदान नाही. मग एके दिवशी मोज्याला रक्त लागलेलं दिसतं, तेव्हा कुठे शोध लागतो.

साखर तंतूंना कशी छळते?

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये साखर शिरायला इन्शुलिनची गरज असते. मज्जापेशींचं तसं नाही. रक्तात साखर वाढली की ती इन्शुलिनची वाट न पाहता त्यांच्यातही वाढते. पेशीला तेवढी साखर वापरता येत नाही. मग जास्तीच्या साखरेचं एका विकराच्या मदतीने सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर होऊ लागतं. या कामात पेशीचा असा एक पदार्थ खर्ची पडतो, जो एरवी तिला घातक ऑक्सिडीकरणापासून वाचवण्याच्या कामी येतो. म्हणजे संरक्षण कमी होतं, आणि नेमकं त्याच वेळी साखरेच्या अतिरिक्त ज्वलनातून हानिकारक रेणूंचं उत्पादन वाढतं.

दुसरा मार्ग साखरेच्या चिकटण्याचा. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते आणि त्यांचा आकार व काम दोन्ही बिघडवते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे हे मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हीच आपली एचबीए१सी चाचणी. जे हिमोग्लोबिनचं होतं, तेच मज्जातंतूंच्या प्रथिनांचं होतं.

तिसरा मार्ग रक्तपुरवठ्याचा. मज्जातंतूंना प्राणवायू पुरवणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. मधुमेहात त्यांच्या भिंती जाड होतात आणि तंतूंची उपासमार सुरू होते. रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि तंबाखू या तिघांचा हात इथे साखरेला लागतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहींना काही वर्षं पाहिलं गेलं. साखरेचा परिणाम बाजूला काढल्यावरही वाढलेलं वजन, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स यांचा मज्जातंतूंच्या बिघाडाशी संबंध स्पष्ट दिसला. म्हणून मज्जातंतूंचा विचार करताना नुसती साखर पाहून भागत नाही.

सुरुवात पायांपासूनच का?

पायाच्या अंगठ्याचा स्पर्श जाणणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर कमरेच्या भागात, मणक्यांजवळ असतं. तिथून तिचा तंतू अंगठ्यापर्यंत जातो. प्रौढ माणसात ही लांबी मीटरभर भरते. तंतूला लागणारी जवळजवळ सगळी सामग्री कमरेजवळच्या त्या पेशीतच तयार होते आणि तिथून खाली पाठवली जाते. तंतूच्या सांगाड्याची काही प्रथिनं तर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकतात. अंगठ्यापर्यंत पोचायला त्यांना वर्ष उलटून जातं. कालव्याला पाणी कमी पडलं की पहिली झळ शेपटाकडच्या शेतांना बसते, तसंच हे आहे. पुरवठा मंदावला की सर्वांत लांबचं टोक आधी सुकतं.

यावरून लक्षणांचा क्रमही समजतो. आधी दोन्ही पायांची बोटं, मग तळवे, मग घोटे अशा रीतीने बधिरपणा मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात, कारण तिथल्या तंतूंची लांबी साधारण तेवढीच असते. उंच माणसांना हा धोका थोडा जास्त असतो, तोही याच कारणाने.

बारीक तंतू बिघडले की आग, टोचणी, विजेचा झटका बसल्यासारख्या कळा येतात. हा त्रास रात्री वाढतो. जाड तंतू बिघडले की पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. पावलातल्या छोट्या स्नायूंचे तंतू बिघडले की बोटं आकडीसारखी वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. घाम आणणारे तंतू बिघडले की कातडी कोरडी पडून टाचांना भेगा पडतात. हे सगळं एकाच पावलात एकत्र आलं की काय होतं पाहा. भार पडतो तिथे घट्टा तयार होतो. घट्ट्याखाली मांस चेचलं जातं, भेगेतून जंतू शिरतात आणि वेदना नसल्यामुळे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक जणांची कहाणी अशाच एखाद्या जखमेपासून सुरू झालेली असते.

एक पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, पण फारसं दुखत नसलं, तर तो मुरगळा किंवा युरिक ॲसिडचा त्रास समजून घरी बसू नये. बधिर पावलातली हाडं आतल्या आत ढासळत असण्याची ती खूण असू शकते. 'शार्को फूट' नावाच्या या विकारात पायावरचा भार ताबडतोब काढला नाही, तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो.

न दिसणारे तंतू

हृदय, जठर, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांचं काम आपल्या नकळत चालवणारी स्वायत्त मज्जासंस्थाही मधुमेहाच्या तावडीतून सुटत नाही. अंथरुणातून उठल्यावर रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. जेवण तासन्‌तास पोटात पडून राहतं, त्यामुळे पोट फुगतं आणि साखरेचा हिशेबच चुकतो. लघवी पूर्ण होत नाही. पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता कमी होते. संकोचापोटी ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, पण ती सांगायलाच हवी.

या बिघाडाच्या आणखी दोन गोष्टी तर जिवावर बेतू शकतात. साखर फार उतरली की एरवी घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. हे इशारे नाहीसे झाले तर माणूस थेट बेशुद्ध पडू शकतो. तसंच हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. मधुमेही माणसाला अचानक दम लागला, कारण नसताना दरदरून घाम आला किंवा विलक्षण गळून गेल्यासारखं वाटलं, तर 'गॅस झाला असेल' म्हणून वेळ घालवू नये. ईसीजी काढून घ्यावा.

बिघाड टाळता येतो का?

याचं सर्वांत भक्कम उत्तर अमेरिका आणि कॅनडामध्ये झालेल्या डीसीसीटी या चाचणीने दिलं. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १,४४१ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला त्या काळचे नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला साखर काटेकोर राखणारे उपचार मिळाले. १९९३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दुसऱ्या गटात मज्जातंतूंच्या बिघाडाचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी होतं.

भारतात बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे आहेत. त्यांच्यात साखर ताब्यात ठेवण्याचा फायदा होतो, पण तो इतका ठसठशीत नसतो. एकतर निदानाआधी कित्येक वर्षं साखर वाढलेली असते. शिवाय वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी हेही जोडीला असतात. म्हणून या चारही आघाड्यांवर एकाच वेळी काम करावं लागतं. रोजचं चालणं, पोटाचा घेर कमी करणं, रक्तदाबाची गोळी न चुकवणं आणि सिगारेट, विडी, मशेरी, तंबाखू कायमची सोडणं ही मज्जातंतूंचीच औषधं आहेत. दारू तर मज्जातंतूंवर स्वतंत्रपणे घाव घालते.

साखर उतरवताना घाईही नको. कित्येक वर्षं साखर बेसुमार असलेल्या रुग्णाची एचबीए१सी दोन-तीन महिन्यांतच धाडकन खाली आली, तर काहींच्या पायांत नव्याने तीव्र आग सुरू होते. हा त्रास बहुधा काही महिन्यांत ओसरतो. त्याला घाबरून औषधं बंद करणं चूक ठरेल. मात्र वेग किती असावा हे डॉक्टरांनी ठरवावं. एखाद्या झटपट 'मधुमेहमुक्ती' शिबिरावर ते सोपवू नये.

ब-१२ : आपल्याकडची खास अडचण

पायांना मुंग्या येणाऱ्या प्रत्येक मधुमेहीचा गुन्हेगार मधुमेहच असतो असं नाही. जीवनसत्त्व ब-१२ कमी पडलं तरी हुबेहूब तशीच लक्षणं दिसतात. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. शाकाहारी माणसाची सगळी भिस्त दूध, दही, ताक यांच्यावर असते. त्यात मधुमेहावरची सर्वाधिक वापरली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतली, तर ब-१२ चं शोषण आणखी कमी होतं. गोळी उत्तम आहे, ती सोडायचं कारण नाही. पण ती वर्षानुवर्षं घेणाऱ्याने ब-१२ अधूनमधून तपासून घ्यायला हवं. कमतरता वेळेत भरून काढली तर हा बिघाड बराचसा सुधारतो. म्हणूनच तो हुकवून चालत नाही.

याउलट दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं आहे. अशा अनेक गोळ्यांत ब-६ असतं, आणि ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेलं तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात. थायरॉइडची कमतरता आणि मूत्रपिंडाचा विकारही डॉक्टर तपासतात. बधिरपणा एकाच बाजूला असेल किंवा कातडीवर फिकट, संवेदना नसलेला चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी.

पाच मिनिटांची तपासणी

डॉक्टरांच्या टेबलावर नायलॉनचा जाडसर केसासारखा एक धागा असतो. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो कातडीवर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम भाराला वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे. डॉक्टर अंगठ्याखाली, चवड्यावर अशा ठरावीक जागी धागा टेकवतात आणि स्पर्श कळला की रुग्णाने 'हो' म्हणायचं. जिथे 'हो' येत नाही, तिथे संरक्षक संवेदना गेली आहे असं समजायचं. त्यानंतर कंपन करणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि घोट्याचा प्रतिक्षेप तपासतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि पहिल्या प्रकारात पाच वर्षांनी ही तपासणी सुरू करावी. पुढे ती दरवर्षी व्हायला हवी.

धागा नसला तरी घरी एक साधी परीक्षा करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ती प्रचारात आणली. रुग्णाने डोळे मिटून झोपावं. घरच्या माणसाने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना घटली आहे असं धरून डॉक्टरांकडे जावं.

वेल्लोरची शिकवण

बधिर पाय कसा जपायचा हे मधुमेहाच्या डॉक्टरांना कुष्ठरोगाने शिकवलं. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांनी रुग्णांच्या जखमांचा बारकाईने माग काढला. बोटं झडत नव्हती. वेदना नसल्यामुळे रोजच्या इजांनी ती झिजत होती. कोणी हाताने गरम भांडं उचलत होता, कोणी टोचणाऱ्या चपलेत मैलोन्‌मैल चालत होता, आणि रात्री झोपेत उंदीर कुरतडून गेले तरी काहींना जाग येत नव्हती. बधिर पायासाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपलांचा प्रसार वेल्लोरमधल्या या कामातून झाला. पुढे ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गेले आणि तिथे त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. जखमेवरचा भार काढला तर बधिर पायाची जखमही भरते, हा त्यातला मुख्य धडा. जखमेवर रोज मलमपट्टी करायची आणि त्याच पायाने बाजारात जायचं, याला उपचार म्हणत नाहीत.

मज्जातंतू जे सांगेनासे झाले, ते डोळ्यांनी पाहायचं, ही रोजची शिस्त आहे :

- रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा. नजर अधू असेल तर घरच्यांना पाहायला सांगा.
- पाय धुण्याआधी पाणी कोपराने किंवा घरच्या माणसाच्या हाताने तपासा. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा. टाचांना तेल किंवा क्रीम लावा, बेचक्यांत मात्र लावू नका.
- गरम पाण्याची पिशवी, शेक, शेकोटी आणि दुचाकीच्या सायलेन्सरपासून पाय लांब ठेवा.
- नखं सरळ कापा. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने तासू नका आणि कुरुपाची ॲसिडची पट्टी लावू नका.
- घरातही अनवाणी चालू नका. पायात घालण्याआधी चप्पल-बूट उलटे करून झटका आणि आत हात फिरवा.
- चप्पल मऊ तळव्याची, पुढून रुंद आणि मागे पट्टा असलेली हवी. अंगठ्यात अडकणारी, कडक चामड्याची चप्पल बधिर पायाला नको. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.
- जोडवी घट्ट होत असतील तर काढून ठेवा.

आपल्याकडे नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत असतं, आणि दुपारच्या तापलेल्या फरशीवर देवळाला प्रदक्षिणाही घातल्या जातात. पायाची संवेदना गेलेल्या माणसाने हे करू नये. दर्शनाला पहाटे किंवा सूर्यास्तानंतर जावं आणि जाड मोजे घालावेत. वारीला जायचंच असेल तर पाय आधी तपासून घ्यावेत आणि चांगल्या बुटांतच चालावं.

पायाला लहानशी जखम, फोड किंवा काळसर डाग दिसला तर चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. तोवर त्या पायावर भार देऊ नका आणि घरगुती लेप लावू नका. 'दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आग कमी करणारी औषधं

प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन या औषधांनी आग आणि टोचणी कमी होते, झोप लागते. त्रास सोसत बसण्यात काही शहाणपण नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही औषधं वेदना कमी करतात. मज्जातंतू दुरुस्त करत नाहीत. मेलेला तंतू जिवंत करणारं औषध आजच्या घडीला उपलब्ध नाही, तसा दावा कोणीही केला तरी. म्हणूनच मज्जातंतूंच्या बाबतीत प्रतिबंधाला पर्याय नाही.

मधुमेहाच्या तपासणीला जाताना रिपोर्टची फाइल आपण न विसरता नेतो. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या समोर बसल्यावर चपला आणि मोजेही काढा, तळवे दाखवा, आणि त्यांनी स्वतःहून पाहिले नाहीत तर पाहायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.